फितीमागचे पाणी

गुढीपाडव्याच्या आदली सायंकाळ. आमच्या बसस्थानकासमोरील कडुनिंबाखालची पाणपोई उचलण्यात आली. त्यात मोठा रांजण फुटला. फोडला असे मी म्हणत नाही, कारण मी तेव्हा तेथे हजर नव्हतो. जबाबदार : त्याच जागी शीतजल यंत्र बसवणाऱ्या सेवाभावी मंडळाचे अध्यक्ष.

रामनवमी. यंत्राचे लोकार्पण ठरले होते. प्रमुख पाहुण्यांना ऐनवेळी दुसरीकडे जावे लागले. यंत्रात पाणी भरलेले, वीज जोडलेली, आणि नळावर लाल साटीनचे कापड व फीत. जबाबदार : पाहुणे, आणि पाहुण्यांवाचून पाणी वाहू नये असे मानणारे सर्वजण.

हनुमान जयंती. पुन्हा तेच. जबाबदार : तेच.

आखाजी, म्हणजे पंचांगातली अक्षय्य तृतीया. भर दुपार. या दिवसापुढे मला कोणाचेही नाव लिहिता येत नाही, आणि हा लेख त्या एका रिकाम्या जागेसाठी आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्यांनी उत्तर द्यायचे आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि इतरांच्या गावातही एखादी फीत बांधलेली असेलच. मी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी नीट बांधून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. निवृत्तीनंतर स्वतःच्या लिहू लागलो. माझी दिवंगत पत्नी कुसुम म्हणे, "काऊन लिहून राह्यले एवढं? वाचते तरी का कोनी?" तेव्हा मी रागवत असे. आता रागावलो तरी ऐकायला ती नाही.

आज सकाळी खिडकी उघडली तर वाऱ्याबरोबर निंबाच्या मोहोराचा कडसर वास आत आला, आणि मी उगाच दुसऱ्या एका वासाची वाट पाहत उभा राहिलो.

एकेकाळी आमच्या पेठेत उन्हाळा नवसागराच्या वासाने येत असे. होळीची राख निवते न निवते तोच हबीबचाचा कल्हईवाला पाणपोईपाशी खड्डा करून भाता मांडी. पाणपोईचे पितळी पेले, ओगराळी, एक पोटाळ घागर, सारे निखाऱ्यांवर तापे. मग नवसागराची चिमूट, पांढरा झोंबरा धूर, कथिलाचा एक ठिपका, आणि चिंधीचा एकच झरझर फेरा. काळवंडलेल्या भांड्याच्या पोटात चांदणे पडल्यासारखे होई. तो धूर रस्ता ओलांडून कोर्टाच्या आवारात शिरला की वकील नाकाला रुमाल लावीत आणि आम्ही कारकून मंडळी ओळखत असू, आता सकाळचे कोर्ट सुरू होणार. उन्हाळ्यात आमच्याकडे न्यायदानही दुपारच्या आत उरकावे लागते.

चाचाची पाणपोई म्हणजे निंबाखाली वाळूच्या ओट्यावर मांडलेले रांजण, त्यांना गुंडाळलेले ओले गोणपाट आणि वरून बांबूंवर टाकलेले पाचट. निंबाचा मोहोर पाण्यात पडे. कोणी तक्रार केली तर चाचा म्हणे, "पेऊन घे बे, डागदरच्या इथं यालेच पैसे लागते." त्याच्या हाताखालून कोण गेले नाही! खामगावच्या बाजारातून परतणारे, लग्नाची वऱ्हाडे, पक्षकार, आरोपी, साक्ष देऊन आलेले आणि साक्ष फिरवून आलेले. पाणपोईचा रिवाज एकच होता, पिणाऱ्याला नाव विचारायचे नाही. ज्या देशात पाण्यापूर्वी नाव विचारण्याची, आणि नावावरून ओगराळे किती उंच धरायचे ते ठरवण्याची रीत होती, तेथे हा रिवाज एका कल्हईवाल्याने कोणतेही कलम न वाचता चालवला होता.

आखाजीला या रिवाजाला वेगळेच तेज चढे. त्या दिवशी घरोघर पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात. इतरत्र ती देवघरापाशी ठेवतात. आमच्या पेठेत मात्र पूजा झाली की घागर उचलून पाणपोईवर आणून ठेवायची, आणि त्या घागरीतून जो पहिला अनोळखी माणूस पाणी पिईल त्याच्या रूपाने आपले माणूस पाणी पिऊन गेले असे मानायचे. निंबाखाली घागरींची रांग लागे. बायका थोड्या अंतरावर पदर सावरून बसत आणि बसस्थानकाकडे डोळे लावून आपला पितर कोणत्या गाडीने येतो याची वाट पाहत.

मला आठवणारा उन्हाळा माझ्या नोकरीच्या सुरुवातीचा. त्या वर्षी रमजान आणि वैशाख एकमेकांच्या गळ्यात पडले होते. डांबर चपलेला चिकटून येत होते, कावळे चोच वासून बसत. चाचाचा रोजा. पहाटेपासून पोटात अन्न नाही, घशात थेंब नाही, आणि दिवसभर हात पाण्यात. डोक्यावर ओला पंचा टाकून तो ओगराळ्यामागून ओगराळे रिकामे करी. पाणी पेल्यात पडताना जो आवाज होतो तो तहानलेल्या माणसाला कसा ऐकू येत असेल, याचा विचार मी त्या वयात केला नव्हता.

विचार केला तो आमच्या न्यायाधीश साहेबांनी. साहेब पुण्याकडचे. कडक, अबोल, तारखा मागणाऱ्या वकिलांचे वैरी. आमची बोली त्यांना धड कळत नसे आणि आमचे ऊन त्यांना सोसत नसे. कोर्ट उठल्यावर ते पायी बंगल्याकडे जात, वाटेत पाणपोईवर थांबत. मी फायली घेऊन मागे असे. एकदा पेला परत देताना त्यांनी विचारले, "तुम्ही स्वतः कधी पाणी पिताना दिसत नाही?"

"रोजा हाये साहेब."

"आणि दिवसभर हे पाणी समोर?"

चाचा हसला. "समोर असून काय होते साहेब? पानी माह्यं थोडीच हाये, पेनाऱ्याचं हाये. तुमी नाही का दिवसभर लोकाइच्या पैशाच्या दाव्याइत बसता? एक रुपया तरी उचलता का?"

साहेबांचे दात मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

दुसऱ्या दिवशी कोर्ट उठल्यावर साहेब पाणपोईवर आले ते थांबलेच. काळा कोट काढून निंबाच्या खिळ्याला अडकवला, बाह्या दुमडल्या आणि चाचाच्या हातातले ओगराळे घेतले. "ऊन उतरेपर्यंत सावलीत पडा."

"नाही साहेब, पाप लागन मले."

"पाप कोणाला लागते ते ठरवायचे काम माझे आहे. पडा."

चाचा निंबाच्या बुंध्याशी पडला, पण झोपला नाही. एका डोळ्याने साहेबांच्या हाताकडे पाहत राहिला आणि अधूनमधून सूचना देत राहिला, "साहेब, धार बारीक. ठसका लागन त्याले." साहेबांना जमत नव्हते. निम्मे पाणी त्यांच्याच बुटांवर सांडे. एक नामांकित वकील घाम पुसत आले आणि समोर साहेब पाहून दचकले. "साहेब, आपण?"

"ओंजळ करा," साहेब म्हणाले, "अर्ज उद्या सकाळी."

हे त्यांनी रमजान संपेपर्यंत रोज केले. कोणी छायाचित्र काढले नाही. गावात चर्चा झाली ती एवढीच की साहेबांच्या डोक्यावर उन्हाचा परिणाम झाला असावा.

त्याच दिवसांत आखाजी आली. आदल्या पावसाळ्यात माझे वडील वारले होते, म्हणून आईने त्यांच्या नावाची पहिली घागर पाणपोईवर आणून ठेवली होती. ती बायकांत बसून वाट पाहत होती. पहिल्या घागरीला कोण भेटतो याची धास्ती असते. आणि कोर्टाच्या फाटकातून एक शिपाई एका कैद्याला घेऊन आला. हातात बेड्या, बेडीला दोर. घरफोडीचा आरोपी, सकाळीच साहेबांनी त्याला सक्तमजुरी सुनावली होती, निकालाचा कागद माझ्याच हातचा होता. तो सरळ आईच्या घागरीपुढे येऊन उभा राहिला. बेड्यांमुळे ओंजळ नीट होत नव्हती. तशीच त्याने केली आणि मान खाली घातली.

साहेबांनी घागरीतून ओगराळे भरले आणि धार धरली. दोन घोट घेऊन कैद्याने वर पाहिले, पाणी कोण पाजते आहे ते ओळखले आणि ओंजळ सुटली.

"थांबू नका," साहेब म्हणाले. "अजून आहे."

शिपाई सलाम ठोकून तसाच ताठ उभा. माझी आई उठून पुढे आली होती. "पे बाप्पा, पे," ती म्हणाली, "सावकास पे." तो प्याला. खूप प्याला. गाडीत बसताना त्याने मागे वळून पाहिले की नाही, मला सांगता येणार नाही, कारण मी आईकडे पाहत होतो. तिने त्या चोराला मनोभावे हात जोडले होते. घरी येताना एवढेच बोलली, "तुह्या बाबाले पानी भेटलं."

साहेबांनी त्याची शिक्षा एका दिवसानेही कमी केली नव्हती. पाणीही एका थेंबाने कमी केले नाही. पुढे त्यांची बदली झाली. त्यांचा पुतळा नाही, वकिलांच्या खोलीत तसबीर नाही. त्यांचे किती निकाल मी माझ्या अक्षरात उतरवले. आज त्यांतला एकही आठवत नाही. आठवतात ते भिजलेले बूट.

करुणा हा शब्द मी आयुष्यभर कायद्याच्या पुस्तकांत शोधला. व्याख्यांच्या प्रकरणात तो नाही. कायदा माणसाला दुसऱ्याच्या अंगावर जाण्यापासून अडवतो. पुढे होऊन पाणी दे, असे तो सहसा सांगत नाही. देण्याचे कर्तव्य तुमच्यावर सिद्ध होत नसेल तर तहानलेल्याला नाही म्हणणे हा गुन्हा होत नाही. कायद्याने ही जागा मोकळी सोडली आहे. मला वाटे, ती जाणून सोडली असावी, म्हणजे माणसाचे मोठेपण तेथे उभे राहायला यावे. जेथे नाही म्हटल्याने काहीही बिघडत नाही, तेथे जो हो म्हणतो तो मोठा. एवढी साधी कसोटी होती. आता त्या मोकळ्या जागेवर फलक उभे राहिले आहेत. आमच्या चौकात सध्या इतके थोर पुरुष टांगलेले आहेत की निंबाची सावली जमिनीपर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक जण हात जोडून हसतो आहे. त्यांपैकी एकाचाही हात ओला नाही.

यंदा मंडळाचे कार्यकर्ते चाचाकडे गेले तेव्हा त्याने भांडण केले असेल असे वाचकांना वाटेल. तो तर हरखला होता. आता तो ऐंशीच्या घरात आहे, कल्हईचा धंदा केव्हाच बुडाला, पाणपोईवर स्टीलचे पेले आले, तरी दर होळीनंतर रांजण मांडणे त्याने सोडले नव्हते. मला पोस्टापाशी गाठून म्हणाला, "चांगलं झालं न बाबू. बरफावानी पानी भेटन लोकाइले. माह्या हातानं आता रांजन उचलत नाही." फुटलेल्या रांजणाबद्दल विचारले तर म्हणाला, "जुना होता. फुटनच."

मग रामनवमी गेली आणि हनुमान जयंती गेली. चाचा रोज येऊन झाकलेल्या यंत्राशेजारी बसे. लोक येत, नळ चाचपत, आणि चाचा जणू स्वतःचीच चूक असल्यासारखा सांगे, "उद्या चालू होते, बापा. उद्या." शेवटी तो घरून प्लास्टिकच्या डब्यात पाणी आणू लागला. दोन दिवसांत मंडळाचा निरोप आला : यंत्रासमोर डबा बरा दिसत नाही, फोटोत येतो. निरोप सांगणारा पहारेकरी गणेश, कंत्राटदाराचा माणूस, तसा भला आहे. तो खाली मान घालून म्हणाला, "चाचा, तुमी डबा नेऊन घ्या. मलेही चांगलं वाटून नाही राह्यलं."

आणि आखाजी आली. आमच्या पेठेत त्या दिवशी पाण्याची कमतरता नव्हती, याची नोंद व्हावी. घरोघर घागरी भरलेल्या होत्या. पण आणून ठेवायच्या कोठे? साटीनच्या कापडासमोर? म्हणून यंदा पेठेने घागरी घरातच ठेवल्या, देवघरापाशी, दार लावून, पंख्याखाली. माझ्या घरात कुसुमची घागर होती.

मी पोस्टातून परतत होतो. सोनाळ्याकडून आलेली एसटी निंबापाशी रिकामी झाली होती. यंत्राच्या पायरीवर एक म्हातारी बाई कलंडली होती आणि तिची सून तिला पदराने वारा घालीत ओरडत होती, "माह्या सासूले पानी द्या ना हो! कोनी तरी द्या!" चाचा गणेशपुढे उभा होता. मी जवळ गेलो तेव्हा ऐकले ते शब्दशः लिहितो.

"खोल बाबा नळ. एक पेला. कपडा मी पुन्हा बांधून देतो, जसाच्या तसा."

"चाचा, कुलूप हाये खालच्या कॉकले. चाबी माह्यापाशी हाये, पन विचारल्याबिगर उघडलं त माही नोकरी जाईन ना."

"मंग विचार! लवकर विचार!"

गणेशने फोन लावला. पलीकडचे मला ऐकू आले नाही. गणेशचे ऐकले : "साहेब, एक म्हतारी पडली... हाव साहेब... एकच पेला म्हनते... नाही साहेब... बरं साहेब." त्याने फोन खिशात घातला.

"काय म्हने?" चाचाने विचारले.

"वरून नाही म्हनते. फीत कापल्याबिगर नळ सोडू नको म्हनते."

"वरून म्हंजे कोन?" मी विचारले. गणेशने उत्तर दिले नाही. आजतागायत दिलेले नाही.

समोरची रसवंती दुपारची बंद होती. चाचा रस्ता ओलांडून पलीकडच्या हॉटेलाकडे निघाला. ऐंशीच्या घरातला माणूस, उन्हात, धावत. तो पेला दोन्ही हातांनी झाकून परत आला तेव्हा म्हातारीला ऑटोत घालून दवाखान्याकडे नेले होते. चाचा भरला पेला घेऊन रस्त्यात उभा राहिला. त्या पेल्याचे काय करावे हे त्याला कळत नव्हते.

संध्याकाळपर्यंत बातमी आली, ती गेली. तिचे नाव मला नंतर कळले आहे. पाणपोईच्या रिवाजाप्रमाणे मी ते लिहीत नाही. मी कायद्याचा माणूस आहे, म्हणून हेही लिहितो की तिला आधीच हृदयाचा विकार होता, आणि एका पेल्याने ती वाचली असती असे डॉक्टरांना सांगता येत नाही. कार्यकारणाचा पुरावा नाही. मी तो मागतही नाही.

त्यानंतर चाचा निंबाखाली आलेला नाही. मी भेटायला गेलो तर ओसरीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. गंजलेला भाता कोपऱ्यात. तसाच म्हणाला, "बाबू, जिंदगीत कोनाले पानी मांगलं नव्हतं मी. पह्यल्यांदा मांगलं." मग म्हणाला, "मले वाटे, पानी देनं सोपी गोष्ट हाये."

त्या वाक्यानंतर माझी झोप गेली आहे. आयुष्यभर त्याने जे केले ते त्याला मोठे वाटलेच नव्हते, कोणालाही जमेल असे वाटत होते. आखाजीच्या दुपारी एका फोनने त्याचा तो समज मोडला. रांजण पुन्हा घडवता येईल. हे घडवता यायचे नाही.

मी पत्रे लिहिली. अध्यक्षांनी कळवले की फोन त्यांना नव्हता, कंत्राटदारास असावा. कंत्राटदाराने कळवले की असे निर्णय मंडळ घेते. ज्यांच्या नावाने यंत्र उभे आहे त्या देणगीदारांकडून उत्तर म्हणून आले ते लोकार्पणाचे निमंत्रण. जाड, गुळगुळीत कागद. वर छापले आहे, "जलदान हेच श्रेष्ठ दान". खाली प्रमुख पाहुण्यांच्या नावामागे "थोर", देणगीदारांच्या नावामागे "करुणामूर्ती". तारीख पक्की आहे, येत्या रविवारची.

मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे. माझ्या मांडीवर कुसुमची घागर असेल. ती यंदा कोणी प्यालेच नाही. पाणी घरातच आटून गेले, बुडाशी एक पांढरी रेघ राहिली आहे. पेठेचा रिवाज खरा धरला तर माझी पत्नी अजून तहानलेली आहे.

म्हणून अध्यक्ष, कंत्राटदार, देणगीदार, प्रमुख पाहुणे, आपणा चौघांनाही ही जाहीर विचारणा आहे. पत्राने उत्तर नको, माणसाकरवी निरोप नको. व्यासपीठावर उभे राहून, ध्वनिक्षेपकातून, सोनाळ्याहून आलेल्या त्या सुनेसमोर सांगावे. मी मृत्यूबद्दल विचारत नाही. एका पेल्याबद्दल विचारतो. आखाजीच्या दुपारी त्या फोनवर "नाही" कोण म्हणाले? फीत कापण्यापूर्वी नाव सांगा.